बूस्टर विकण्यापूर्वी अँटेना तपासा

राहाता, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्ती आणि वायरिंगची लहान लहान दुकाने पूर्वीपासून आहेत. आपल्या समाजातील अनेक तरुणांनी या धंद्यावर संसार उभे केले. भांडवल थोडे लागते, हातात कसब असावे लागते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवावा लागतो. मात्र या धंद्यात गैरसमजावर खपणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे बूस्टर. चित्र नीट येत नाही? बूस्टर लावा! हे उत्तर वर्षानुवर्षे दिले गेले. आता तोच बूस्टर ‘डिजिटल अँटेना’ या नावाने, चपट्या पट्टीला जोडून विकला जातो आणि महिन्याचे पैसे न भरता वाहिन्या दिसतील असे सांगितले जाते. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही या वस्तूची खरी ओळख असणे फायद्याचे आहे.

बूस्टर करतो काय?

बूस्टर म्हणजे ॲम्प्लिफायर. अँटेनाने हवेतून पकडलेला सिग्नल तो मोठा करतो. २० डेसिबलचा बूस्टर सिग्नलची शक्ती १०० पट करतो. पण सिग्नलबरोबर आलेला गोंगाटही तो तितकाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात घालतो. जुन्या टीव्हीवर ज्या मुंग्या दिसत, त्या याच गोंगाटाच्या. सिग्नल मुळात मुंग्यांत बुडालेला असेल तर बूस्टर मुंग्याही मोठ्या करणार. नसलेला सिग्नल तो तयार करू शकत नाही.

दुसरा दोष उलट बाजूचा आहे. प्रक्षेपण केंद्र जवळ असेल तर सिग्नल आधीच जोरदार असतो. तिथे बूस्टर लावल्यास टीव्हीवर भार पडून चित्र बिघडते. मोबाईलच्या मनोऱ्याजवळही सर्व लहरी सरसकट वाढवणारा स्वस्त बूस्टर असाच गोंधळ घालतो.

आधी अँटेना, मग केबल

म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवावा. पहिली उंची. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. जमीन सपाट असेल तर मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की पोहोच किलोमीटरमध्ये मिळते. १० मीटर उंचीच्या अँटेनाला १३ किलोमीटर आणि १०० मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर, म्हणजे दोघांत मिळून सुमारे ५४ किलोमीटर.

दुसरी दिशा. अनेक काड्यांचा यागी अँटेना आखूड काड्यांच्या बाजूने सिग्नल घेतो. हे तोंड प्रक्षेपण केंद्राकडे हवे. तिसरी केबल. चांगल्या आरजी-६ केबलच्या १०० फुटांत २०० मेगाहर्ट्झच्या आसपास साधारण ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती, वाटेतच जाते. हलकी किंवा पाणी शिरलेली केबल याहून जास्त खाते. चौथे सांधे. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यातच गंजतो.

एवढे करूनही केबल लांब पडत असेल किंवा एकाच अँटेनावर दोन-तीन संच चालवायचे असतील, तर बूस्टर जरूर लावावा. तो टीव्हीमागे न लावता वर अँटेनाजवळ, खांबावर लावावा. सिग्नल केबलमध्ये क्षीण होण्यापूर्वीच वाढवला पाहिजे. खाली पोहोचेपर्यंत निम्मा गेलेला सिग्नल वाढवला, तर गोंगाटाचा वाटा मोठा होतो.

राहात्याचे गणित

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण मुंबई आणि आपला भाग यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या हद्दीवर आहे. त्यामुळे मुंबईचे चित्र थेट पकडण्याचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये दूरदर्शनने लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरवले आणि लहान गावांच्या माळवदांवर, गच्च्यांवर अँटेना दिसू लागले. या प्रक्षेपकांची पोहोच थोड्या किलोमीटरांची. त्यापलीकडच्या वस्त्यांवर लोक उंच पाइप उभारत आणि बूस्टर लावत. त्या काळी बूस्टरला खरोखर काम होते.

आता परिस्थिती बदलली आहे. सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळून दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांतून जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले होते. त्यांत आपल्याला सर्वांत जवळचे शहर औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. राहात्याहून ते सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर पडते. वरचे उंचीचे गणित करून पाहावे, गच्चीवरच्या अँटेनाला ते अंतर झेपत नाही. शिवाय डिजिटल प्रक्षेपणात अंधुक चित्र नसते. सिग्नल पुरेसा असला तर स्वच्छ चित्र येते, कमी पडला तर चौकोन उमटून पडदा गोठतो. खिडकीला चिकटवलेली पट्टी आणि तिचा बूस्टर राहात्यात काय दाखवणार, हे यावरून समजावे.

छत्रीतला बूस्टर

महिन्याचे पैसे न भरता टीव्ही पाहायचा असेल तर खरा मार्ग दूरदर्शनच्या फ्री डिशचा आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि केबल यांचा खर्च एकदाच येतो. बॉक्स एमपेग-४ चा घ्यावा, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत.

यातही बूस्टर आहेच. छत्रीच्या तोंडाशी बसणारा एलएनबी हा कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर असतो. तो अगदी वर, सिग्नल गोळा होतो तिथेच बसवलेला असतो. जुन्या खांबावरच्या बूस्टरचाच हा नियम आहे. त्याची वीज त्याच केबलमधून वर जाते, म्हणून सांध्यात पाणी गेले की सिग्नल आणि वीज दोन्ही तुटतात.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. राहात्यातून पाहिले तर तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३४ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. या रेषेत आंबा, नारळ किंवा शेजारचा मजला नको. उसाच्या आणि पेरूच्या या पट्ट्यात झाडे वाढतात. दोन वर्षांपूर्वी चांगला येणारा सिग्नल आज कमी झाला असेल तर आधी झाड पाहावे. मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, तिथे जास्तीच्या बूस्टरची गरज पडत नाही.

छत्री असो वा अँटेना, लोखंडी पाइपला अर्थिंग द्यावे. पाइप पडला तर विजेच्या तारेवर जाणार नाही अशी जागा निवडावी. यात काटकसर करू नये, इथे जिवाशी गाठ आहे.

धंद्याची सचोटी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतले ओले धान्य शोधल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओला माल वर, लोकांना दिसेल असा ठेवावा, ही शिकवण आपल्या धंद्यालाही लागू आहे. जिथे बूस्टरचा उपयोग नाही तिथे तसे स्पष्ट सांगावे. एक बूस्टर कमी विकला जाईल, पण मालाची नड समजावून सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक सेट टॉप बॉक्स, वायरिंग, इन्व्हर्टर अशा कामांसाठीही येते.

यासाठी तरुणांनी दोन गोष्टी कराव्यात. एक साधे सिग्नल मीटर जवळ ठेवावे, आणि काम झाल्यावर मीटरचा आकडा, केबलची लांबी व छत्रीची दिशा बिलावर लिहून द्यावी. पुढच्या वेळी तक्रार आली तर नेमके काय बदलले ते लगेच समजते, आणि बिघाड छत्रीचा, केबलचा की बॉक्सचा यावर वाद होत नाही.