संशोधनाच्या शाखा व त्यांचा गौरव

उत्तम संशोधनाचा गौरव करावयाचा असें एखाद्या विद्यापीठानें किंवा सरकारनें ठरविलें, म्हणजे पहिली अडचण तुलनेची येते. पूर्वीं सोनें गुंजांनीं तोलीत व जोंधळा पायलीनें मापीत. एकाचें माप दुसऱ्यास लावून चालत नाहीं. त्याचप्रमाणें गणितज्ञाची सिद्धता व वैद्याचा प्रयोग यांची परीक्षा एकाच कसोटीनें करितां येत नाहीं. म्हणून विद्येच्या शाखा पाडून प्रत्येक शाखेचा विचार त्या त्या शाखेंतील जाणत्यांकडे सोंपवावा लागतो.

आपल्या देशांतीलच उदाहरण घेऊं. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले संचालक डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या स्मरणार्थ १९५८ सालापासून एक पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. पुढें त्याच्या सात शाखा झाल्या: पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी, आणि पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रह यांचें शास्त्र. २०२४ सालीं राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हां शाखा तेरा झाल्या. कृषि, पर्यावरण, अणुशक्ति व अवकाशविज्ञान यांना त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें. आणि एका शाखेचें नांव तर नुसतें ‘इतर’ असें ठेविलें आहे!

याशिवाय दुसरेंही एक वर्गीकरण त्यांत आहे. जन्मभर केलेल्या कार्यासाठीं ‘विज्ञानरत्न’, विशेष कामगिरीसाठीं ‘विज्ञानश्री’, आणि पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीं भटनागरांच्या नांवाचा ‘विज्ञानयुवा’ पुरस्कार. जें कार्य अनेकांच्या हातांवांचून तडीस जात नाहीं, त्यासाठीं संघाचा पुरस्कार निराळा. पहिल्या वर्षीं तो चांद्रयान-३ च्या संघास मिळाला.

या याद्यांवरून कोणत्याही विषयाची योग्यता मात्र ठरवूं नये. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय वरील यादींत नाहींत, कारण ती यादी विज्ञानाची आहे. नोबेल पारितोषिकांत गणित नाहीं. तरी गणितावांचून पदार्थविज्ञानाचें एक पाऊलही पुढें पडत नाहीं.

शिवाय शाखांमधील कुंपणें मनुष्यानें आपल्या सोयीसाठीं घातलेलीं आहेत. ज्ञान तीं जुमानीत नाहीं. चिदंबरम् येथें १९५२ सालीं जन्मलेले वेंकटरामन् रामकृष्णन् यांनीं बडोद्यास पदार्थविज्ञानाची पदवी घेतली व अमेरिकेंत त्याच विषयांत डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर जीवशास्त्र शिकण्यासाठीं ते पुन्हां विद्यार्थी झाले. पेशींत प्रथिनें घडविणाऱ्या रायबोसोमच्या रचनेचा त्यांनीं शोध घेतला. आणि २००९ सालीं इतर दोघांसमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें रसायनशास्त्राचें!

विद्यार्थिमित्रहो, शालान्त परीक्षेनंतर कोणती शाखा घ्यावी हा प्रश्न लवकरच तुम्हांपुढें उभा राहील. कोणत्या शाखेंत मान अधिक, हें प्रथम विचारूं नका. कोणता प्रश्न तुम्हांस स्वस्थ बसूं देत नाहीं, तें पाहा. पालकांसही नम्र विनंति कीं, मुलानें एक वाट सोडून दुसरी धरली म्हणजे त्याचीं मागचीं वर्षें फुकट गेलीं असें समजूं नये. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासांत घालविलेलीं वर्षें रामकृष्णन् यांना रायबोसोमची रचना उलगडतांना उपयोगीं पडलींच.