ध्रुवीय सागरातील लहान होडी : रचना आणि परिभाषा

ध्रुवप्रदेशात संशोधनास गेलेले मोठे जहाज किनाऱ्यास सहसा लागू शकत नाही. उथळ पाण्याची खोली मोजणे, पाण्याचे नमुने घेणे, माणसे व उपकरणे उतरविणे ही कामे त्यावरून खाली सोडलेल्या लहान होडीस करावी लागतात. अशा होडीच्या रचनेचे विवेचन मराठीतून करावयाचे झाल्यास शब्द कोठून आणावयाचे, हा प्रश्न उद्भवतो. त्याचे निम्मे उत्तर वसईच्या किनाऱ्यावर आहे.

या भागात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील अंतर ४ ते ५ मीटरपर्यंत जाते. ओहोटीस पाचूबंदर व अर्नाळा येथील होड्या चिखलात वा वाळूत टेकतात. टेकलेल्या होडीचा भार पठाणाने, म्हणजे तळाच्या कण्याने, पेलावा लागतो. वाक, म्हणजे फासळ्या, तो अंगभर वाटून देतात. ध्रुवीय होडीसही खडकाळ किनाऱ्यावर टेकावे लागते. तेव्हा नाळ, पठाण, वाक, सुकाणू हे शब्द तिच्या वर्णनास जसेच्या तसे उपयोगी पडतात. त्यांतील सुकाणू मूळचा अरबी, तर होडीच्या मालकास लावला जाणारा नाखवा हा शब्द फारसीतून आलेला. परक्या दर्यावर्दींकडून शब्द घेऊन ते आपलेसे करणे ही या किनाऱ्याची जुनी रीत होय.

बर्फाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द सर्रास चालतो. रचनाकारास मात्र निदान तीन भेद करावे लागतात. पहिले तरंगते तुकडे. त्यांचा आघात नाळेवर व पाणरेषेवर होतो, म्हणून तेथे जाड पत्रा हवा. काही जातींचे पोलाद अतिथंडीत ठिसूळ होते. ॲल्युमिनियमचा चिवटपणा टिकतो व होडी हलकीही राहते. दुसरा पाण्यातील बर्फाचा लगदा. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतल्यास तो नळी बुजवितो. त्यामुळे बंद नळ्यांतील पाणी तळाबाहेरील थंडाव्याने निववितात. तिसरा तुषार गोठून वरच्या भागावर चढणारा थर. त्याने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि होडी कलंडण्याचा धोका निर्माण होतो. १९१६ साली शॅकल्टन व त्यांचे पाच सोबती सुमारे ७ मीटर लांबीच्या ‘जेम्स केर्ड’मधून एलिफंट बेटावरून दक्षिण जॉर्जियास गेले, तेव्हा हा थर त्यांना वारंवार फोडून काढावा लागला.

तीन संकटे, तीन उपाय. नाव मात्र एक. येथे ‘तुकडा-बर्फ’, ‘लगदा-बर्फ’ व ‘थर-बर्फ’ असे साधे जोडशब्द योजणे इष्ट ठरेल. जेथे वस्तू जुनी तेथे किनाऱ्याचा शब्द, जेथे वस्तू नवी तेथेच नवा शब्द, हा नियम पाळल्यास ‘पठाणा’ऐवजी एखादी कृत्रिम संस्कृत संज्ञा घडविण्याचे कारण उरणार नाही.

या कामास विलंब परवडणारा नाही. साच्यात ओतलेल्या फायबरच्या होड्या लाकडी बांधणीची जागा घेत आहेत. साच्यातील होडीस वाक जोडणारा सुतार लागत नाही. सुतार गेला की त्याच्या तोंडचा शब्दही जातो. भारताचे ध्रुवीय संशोधनकेंद्र याच कोकणपट्टीच्या दक्षिणेस, गोव्यातील वास्को येथे आहे. तेथे ज्या होड्यांचा विचार होतो, त्यांच्या अवयवांची नावे वसईच्या बंदरावर अजून ऐकू येतात. ती टिपून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम होय.