सरकारी पैशाची वाट (भाग ६) : सातवर नाव, बारावर पीक

कापूस हे पाटणचं पीक नव्हे. इथला पाऊस भाताला मानवणारा. माळावर भुईमूग, नि आता बऱ्याच ठिकाणी सोयाबीन. तरीही विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्यांसाठी २०२४ साली निघालेलं अनुदान पाटणपर्यंत पोचलं, कारण त्याच योजनेत सोयाबीनही होतं.

२०२३ च्या खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा भाव पडलेले होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ६६२०. व्यापारी त्याच्या आत मागत होते. लोकसभेला शेतकऱ्यांनी हिसका दाखवल्यावर जून २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने हेक्टरी ५००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. वीस गुंठ्यांच्या आत कितीही पेरा असो, सरसकट १००० रुपये. दोन्ही पिकांसाठी मिळून सुमारे ४१९४ कोटींची तरतूद झाली आणि ३० सप्टेंबरपासून पैसे खात्यांवर पडू लागले.

आता पाटणच्या डोंगरातलं एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. सोयाबीन ३५ गुंठे. गुंठ्याला पन्नास रुपये, म्हणजे १७५०. सातवर चार भावांची नावं. तिघे वाशीच्या मार्केटात माथाडी, एकटा धाकटा गावी कसतो. सामाईक खातं असल्याने पैसे एकाच्या नावे घ्यायचे तर बाकीच्यांचं ना हरकत हवं. धाकट्याने कृषी सहायकाकडून फॉर्म आणायचा, तो मुंबईला धाडायचा, आणि थोरले गणपतीला गावी येईपर्यंत थांबायचं. थोरल्यांत जमिनीवरून अबोला असेल, तर १७५० रुपये विसरायचे!

बारावरच्या पिकाची कथा वेगळी. २०२१ पासून पीक शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवायचं, त्याला ई-पीक पाहणी म्हणतात. पिकात उभं राहून फोटो काढायचा आणि रेंज मिळेल तिथून पाठवायचा. कोयनेच्या खोऱ्यात रेंज शोधणं हेच निम्मं काम. सुरुवातीला या नोंदीशिवाय अनुदान नव्हतं. ओरड झाल्यावर सातबारावरची नोंदही धरली गेली.

राहिला वाटेकरी. बियाणं, खत, कोळपणी त्याची; सातवर नाव मालकाचं. हा पैसा भावातल्या घसरणीपोटी दिला आणि घसरणीचा मार त्यालाही बसला, तरी योजनेच्या कागदावर तो कुठेच नाही. माझ्या मते योजनेतली खरी खोट हीच. रक्कम तुटपुंजी असण्यापेक्षाही मोठी.

पुढच्या आठवड्यात हमीभावाच्या खरेदी केंद्राकडे वळू. तोवर आपला सातबारा एकदा काढून बघा. सातवरचं नाव सगळे बघतात. बारावर यंदा कुठलं पीक लागलंय, तेवढं वाचा.