दात कोरून पोट भरत नाही

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक बाई तोंडाला पदर लावून दवाखान्यात आल्या. मधुमेहाच्या माझ्या जुन्याच पेशंट. ओठ सुजलेला, अंगात ताप. आत पाहिले तर पडलेल्या पुढच्या दाताच्या जागी कृत्रिम दात होता, आणि तो तारेने व झटपट घट्ट होणाऱ्या मसाल्याने शेजारच्या दोन चांगल्या दातांना कायमचा चिकटवलेला. दात बसवणाऱ्याकडे ना पदवी, ना नोंदणी. "पण डॉक्टर, ८०० रुपयांत एका बैठकीत काम झालं," बाई म्हणाल्या.

अशा चिकटवलेल्या दाताखाली अन्न अडकते आणि तिथे ब्रश पोचत नाही. मग हिरडी कुजते, आतले हाड झिजते. बाईंचे शेजारचे दोन्ही दात शेवटी काढावे लागले. एकाचे तीन झाले, आणि साखर ताब्यात यायला तीन आठवडे लागले ते वेगळेच.

आता माझाही कबुलीजबाब देतो. काही वर्षांपूर्वी मी एका दाढेचे रूट कॅनाल करून घेतले. दंतवैद्यांनी बजावले होते, "आता वर कॅप बसवा." पण ठणका थांबला होता. म्हटले, कशाला उगीच खर्च! दीड वर्षाने भाजलेले हरभरे खाताना तीच दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. कीड कोरून काढल्यावर अशी दाढ पोकळ झालेली असते. कॅप नसेल तर चावण्याचा दाब तिला सोसत नाही. कॅपचे पैसे वाचवताना रूट कॅनालचेही पाण्यात गेले.

दाताचा हिशेब असा आहे. कीड वरच्या थरात असते तेव्हा नुसते सिमेंट भरून भागते. खर्च थोडा, बैठक एक. ती आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल आणि कॅप. त्याहून उशीर झाला तर दाढ काढणे. काढणे त्या दिवशी सर्वांत स्वस्त वाटते खरे. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, चावणे एकाच बाजूवर येते. पुढे ब्रिज किंवा कवळीचा खर्च येतो तो येतोच.

मुलांच्या बाबतीत एक चूक फार होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कायमची असते. तिला कीड लागली तर "दुधाची आहे, पडेल" म्हणून पालक सोडून देतात. ती पडली तर पुन्हा येत नाही.

मात्र महाग ते चांगलेच, असेही नाही. मागच्या दाढेला धातूची साधी कॅपही वर्षानुवर्षे टिकते. सिरॅमिकचा पांढरेपणा तिथे पाहतो कोण? पैसे कमी असतील तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी दंत महाविद्यालयांत अल्प खर्चात उपचार होतात. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. फेऱ्या मात्र जास्त पडतात.

खुर्चीत बसण्यापूर्वी पुढील गोष्टी जरूर विचारा. संकोच करू नका.

१. आपली पदवी आणि नोंदणी क्रमांक काय?
२. हा दात वाचवता येईल का? पर्याय कोणते?
३. कॅपसकट एकूण खर्च किती? हप्त्याने देता येईल का?
४. हे काम साधारण किती वर्षे टिकेल? काळजी काय घ्यायची?
५. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली आहेत ना? रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका अस्वच्छ उपकरणांतून असतो.

सर्वांत स्वस्त उपचार घरातच आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा ब्रश, त्यातला एक रात्री झोपण्यापूर्वी. मशेरी बंद. आणि दुखत नसले तरी वर्षातून एकदा तपासणी.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. कवळीसाठी पैसे साठवताहेत. जाताना म्हणाल्या, "पोरीची दाढ काळी पडलीय, तिला आधी दाखवते." मी म्हटले, "आजच जा."