कृत्तिका बघायला मोठी दुर्बीण नको

तारकागुच्छ पाहायचा तर मोठी दुर्बीण हवीच, हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत नुकसान करणारा. कृत्तिकांचा पसारा आकाशात सुमारे दोन अंशांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या जवळपास चौपट रुंदीचा. शंभरपट मोठं करून पाहिलं की दोन-चार सुटे तारे हाती लागतात, गुच्छ मात्र हरवतो. खरी मजा १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमध्ये आहे: सहा-सात ताऱ्यांच्या जागी दाट घोळका दिसतो, आणि तोही काळोखी चौकटीसकट. गॅलिलिओने १६१० साली छापलेल्या चित्रात छत्तीस तारे आहेत, आणि त्याची भिंगं आजच्या मानाने फारच कच्ची होती.

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ असतो, म्हणून अनेकजण तीच रात्र निवडतात. चांदण्यात गुच्छ फिका पडतो. त्यापेक्षा अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जा. डिसेंबरच्या मध्यावर साडेदहा-अकराला कृत्तिका महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतात. शेजारच्या रोहिणीभोवतीही एक गुच्छ आहे, पण रोहिणी त्यातली नाही. ती ६५ प्रकाशवर्षांवर, गुच्छ तिच्या मागे सुमारे दीडशेवर.

फोटोत कृत्तिकांभोवती निळसर धुकं उमटतं. ते ताऱ्यांच्या जन्मावेळचं उरलेलं द्रव्य, असं अजूनही सांगितलं जातं. हा गुच्छ सुमारे दहा कोटी वर्षांचा. जन्माचं धुकं केव्हाच विरलं. सध्या तो वाटेत आलेल्या एका परक्या धूलिमेघातून जातो आहे आणि ती धूळ ताऱ्यांचा निळा प्रकाश विखुरते. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

फोटोसाठी महागडं सामान लागतं, हेही खरं नाही. साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि ट्रायपॉड पुरे. मात्र एकच लांब एक्स्पोजर देऊ नका. पृथ्वी फिरते आणि तारे लांबुळके होतात. चार-पाच सेकंदांचे शंभरेक फोटो काढून संगणकावर एकत्र करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये रोहिणी दहापट मोठी करा आणि तिचा ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवा. आकाश काळंकुट्टच हवं, हा हट्टही सोडा. पार्श्वभूमी किंचित राखाडी ठेवा. ती दाबून काळी केली, तर ते निळं धुकंही तिच्यासोबत पुसलं जातं.