वेताळ एक, लेखक अनेक

११ व्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी गुंफल्या. त्याचा राजा उज्जैनचा विक्रम नव्हे, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन! चितांच्या उजेडात शिसवीवर लोंबणारे प्रेत तो खाली पाडतो, तेव्हा ते विव्हळते. राजा कळवळून अंग चाचपू लागतो आणि ते खदखदून हसते. एवढी थरारक जागा नंतर फारशी कुणाला साधली नाही. याच गोष्टी संस्कृतात सांगणारा शिवदास गद्यात सुभाषिते पेरत जातो, त्यात भीती पातळ होते. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आली. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये अकराच गोष्टी घेतल्या आणि वेताळाला स्वतःची तिखट जीभ दिली.

‘चांदोबा’ मासिकाने मात्र पंचविशीची मर्यादाच मोडली. सोमदेवाकडे शेवटच्या कोड्यापाशी राजा निरुत्तर होतो, म्हणून फेरा संपतो. ‘चांदोबा’त दर महिन्याला नवी गोष्ट येई, राजाचे अचूक उत्तर आणि वेताळ पुन्हा झाडावर. खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार, हे शंकर यांचे चित्र पिढ्यांनी पाहिले. तरी खरी दहशत हवी असेल, तर सोमदेवच वाचावा.