सुई, ताप आणि खाडा

आदिवासी पाड्यांवर आईबाप मुलांना लस टोचू देत नाहीत, असा विषय निघाला की शहाणी माणसे ‘अज्ञान’ एवढा एकच शब्द उच्चारून मोकळी होतात. शब्द मोठा सोयीचा आहे. तो वापरला की पुढे काही करावे लागत नाही. पण २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली ती गोवंडीत, भिवंडीत आणि आपल्या मालेगावात, म्हणजे दवाखान्यांच्या शेजारीच. तेव्हा पाड्याकडे बोट दाखवण्याआधी तिथल्या आईचा हिशेब आपण मांडून पाहू.

मूल दीड महिन्याचे झाले की पेंटाव्हॅलंट लस द्यायची. मग अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि हिब जंतूंचा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून ती राखते. काही मुलांना त्यानंतर एकदोन दिवस ताप येतो. शरीर रोगाशी लढायची तालीम करते, त्याचा तो ताप. हे डॉक्टरांना ठाऊक असते. आईला दिसते ते एवढेच, की हसते मूल नेले आणि रडते परत आणले. दुसऱ्या दिवशी तिचा खाडा पडतो, रोज बुडतो. जो घटसर्प झालाच नाही, तो मात्र कुणालाच दिसत नाही. ताप येईल, आला तर काय करायचे, हे टोचण्यापूर्वी कुणी सांगितले नसेल, तर ती दुसऱ्या मात्रेला येईलच कशी?

दुसरी अडचण स्थलांतराची. नंदुरबारची कितीतरी भिल्ल कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. मुलाची तारीख उसाच्या फडात येते आणि पाड्यावर दाराला कुलूप असते. याला नकार म्हणायचे काय? गोवर रोखायला शंभरातील पंचाण्णव मुले सुरक्षित व्हावी लागतात. फडावरची मुले सोडून हा आकडा गाठता येत नाही.

आता भीतीविषयी. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका गावी १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, पण बातमी रानोमाळ झाली. अशा वेळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणणारा खोटा पडतो. चूक झाली, ती अशी झाली, आता बाटली तुमच्यासमोर उघडतो, लेबल तुम्हीच पाहा, असे म्हणावे लागते. आम्ही युनियनमध्ये हे फार महाग शिकलो आहोत. तडजोडीतील एक कलम कामगारांपासून लपवले, तर पुढच्या गेट-मीटिंगला कुणी उभे राहत नाही.

मग विश्वास बसतो कुणावर? अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे उदाहरण घ्या. २०२० साली करोनाच्या धास्तीने नर्मदाकाठचे लोक अंगणवाडीकडे फिरकेनासे झाले. बाईंनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवीत १८ किलोमीटरवरच्या पाड्यांपर्यंत त्या जाऊ लागल्या. मुलांची वजने घ्यायची, गरोदर बायांची विचारपूस करायची, आहार पोचवायचा. भाषण कसले द्यायचे नाही. अशी बाई लशीविषयी दोन शब्द बोलली, तर ते ऐकले जातात. कारण सुई नसतानाही ती आलेली असते.

श्रोतेहो, पाड्यावर दुसऱ्या दिवशी तापाची चौकशी करायला जाते ती बहुधा आशा कार्यकर्ती. तिला पगार नाही. मिळतो तो मोबदला, त्यातला काही कामावर मोजून. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मोबदल्याचे आकडे आम्हांला तोंडपाठ होते. त्या दिवसांत लस घेतलेल्या मुलांच्या घरी कोण गेले, हा प्रश्न सुचला तो मात्र संप मिटल्यावर. तोही एका आशेनेच विचारला म्हणून.